अनवाणी बूट : पायाला काय कळतं?

सुकापूरहून नेऱ्याकडे आणि पुढे माथेरानच्या पायथ्याशी धोदाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी उभं राहिलं, तर दोन तऱ्हेचे पाय दिसतात. एक, मुंबई-पनवेलहून डोंगर चढायला निघालेल्यांचे : जाड तळाच्या, घोट्यापर्यंत लेस आवळलेल्या बुटांतले. दुसरे, डोंगरातून भाजी आणि रानातल्या वस्तू घेऊन उतरणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांचे : रबरी चपलांतले, कधी अनवाणी. पहिले पाय दगडावर आपटत जातात. दुसरे दगडावर ठेवले जातात. हा फरक आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर या रस्त्यावर तिसऱ्या तऱ्हेचे पाय दिसू लागले, आणि ते आमचेच होते. आम्हा चौघा शिक्षकांपैकी तिघांनी डोंगरात चालण्यासाठी हलके ‘अनवाणी’ पद्धतीचे बूट घेतले. अनवाणी म्हणजे वहाणेशिवाय. तेव्हा ‘अनवाणी बूट’ म्हणणं हे ‘बिनदुधाचा खरवस’ म्हणण्यासारखंच झालं. पण खोक्यावर मोठमोठी वचनं छापलेली होती : पायाचे स्नायू बळकट होतील, गुडघेदुखी टळेल, निसर्गानं दिलेली चाल परत मिळेल. हे बूट घालून आम्ही चार महिने प्रबळमाची, कर्नाळा आणि धोदाण्याहून माथेरान अशा वाटा चाललो. हे परीक्षण त्या बुटांचं आहे, आणि त्या वचनांचंही.

बूट आहे तरी कसा?

डोंगरात वापरायच्या नेहमीच्या बुटात टाचेखाली साधारण तीन सेंटिमीटर जाडीचा तळ असतो. टाच चवड्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असते. तळ ताठ असतो. हातानं वाकवू म्हटलं तर सहजी वाकत नाही. आमच्या नव्या बुटाचा तळ खाचा धरून जेमतेम आठ मिलिमीटर. टाच आणि चवडा एकाच पातळीत. पुढचा भाग टोकाकडे निमुळता न होता बोटांजवळ सर्वांत रुंद. बुटाची चटईसारखी गुंडाळी करता येते. घोट्याभोवती मऊ कापडाचा गळा आहे. किराण्याच्या दुकानातल्या काट्यावर जोडीचं वजन ६२० ग्रॅम भरलं. आमच्या जुन्या जोडीचं १२५० ग्रॅम.

त्या मऊ गळ्याबद्दल आधीच सांगून टाकू. बूट घोट्याच्या वर आला की घोटा सांभाळला जातो, असा सर्वांचा समज असतो. हा गळा घोट्याला काहीही आधार देत नाही. तो खडे, काटे आणि जळवा थोड्याफार अडवतो, एवढंच. खरं तर १९९३ साली अमेरिकेत बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या एका चाचणीत उंच गळ्याचे आणि ठेंगणे बूट घालणाऱ्यांच्या घोटा मुरगळण्यात लक्षणीय फरक आढळला नव्हता. उलट तळाच्या जाडीचा विचार करून पाहा. पाऊल दगडाच्या कडेवर तिरकं पडलं की घोटा वळतो. तळ जितका जाड, तितका घोटा जमिनीपासून उंच आणि वळवणाऱ्या तरफेचा हात तितका लांब. पातळ तळाचा बूट इथे फायद्यात राहतो. आधार गळ्यामुळे नव्हे, पाय जमिनीजवळ असल्यामुळे मिळतो.

मापाची गोष्ट

बुटाचं माप आपण लांबीवरून घेतो. सात नंबर, आठ नंबर म्हणजे लांबीच. रुंदी कुणी विचारत नाही. एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहा. जाड कागदावर अनवाणी उभं राहून पेन्सिल सरळ धरून पावलाची बाह्यरेषा काढा. बसून नव्हे, उभं राहून. कारण वजन पडल्यावर पाऊल पसरतं. आकृती कापून घ्या आणि ती आपल्या बुटातून काढलेल्या आतल्या सोलवर ठेवा. अंगठा आणि करंगळी सोलच्या किती बाहेर जातात ते पाहा. शक्यतो हा प्रयोग संध्याकाळी करावा, कारण दिवसभराच्या वावरानं पाय थोडे फुगलेले असतात.

आम्ही चौघांनी हा प्रयोग केला, तेव्हा जुन्या बुटांत चौघांचीही बोटं सोलबाहेर आली. नव्या बुटांत तिघांचीही आत राहिली. आमच्यातले एक जण कोकणातल्या खेड्यात वाढले. दहावीपर्यंत पायात चपलेखेरीज काही नव्हतं, तीही सणावारी. त्यांचा चवडा पंख्यासारखा रुंद आहे. आयुष्यात प्रथमच आपल्याला बूट चावला नाही, असं त्यांनी सांगितलं. यात नवल नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पावलांची तुलना बूट-चपला वापरणाऱ्या भारतीयांशी आणि युरोपीय लोकांशी केली होती. अनवाणी लोकांची पावलं पुढे अधिक रुंद होती आणि चालताना त्यांच्या तळव्यावरचा दाब अधिक सारखा विभागलेला होता. म्हणजे निमुळता बूट पावलाच्या आकाराप्रमाणे बनलेला नसतो. पाऊलच हळूहळू बुटाच्या आकाराचं होत जातं.

दोष उतारावर दिसला. उतरताना पाऊल बुटात पुढे सरकतं. ताठ बुटात ते चढावावर, म्हणजे पायाच्या वरच्या उंचवट्यावर, आवळून धरता येतं. आमच्या मऊ बुटात लेस कितीही आवळली तरी कापड ताणलं जाई आणि अंगठ्याचं नख पुढे आपटत राही. बोटांपुढे निदान अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा हवीच, हा धडा आम्ही एकेक काळंनिळं नख देऊन शिकलो.

तळव्याला काय कळतं?

आपल्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलं मिळून शरीरातल्या हाडांचा चौथा हिस्सा! इतक्या सुट्या भागांची रचना केवळ खांबासारखं उभं राहण्यासाठी नसते. तळव्याच्या कातडीत दाब, कंप आणि ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं आहेत. खाली खडा आहे की शेवाळ, पाऊल डावीकडे कलतं आहे की उजवीकडे, ही बातमी ती क्षणोक्षणी वर पाठवतात आणि त्याप्रमाणे स्नायू पाऊल सावरतात.

नववीच्या मुलांबरोबर आम्ही एक खेळ केला. डोळे बांधून पावलाखाली कधी हरभरा, कधी आगकाडी, कधी रुपयाचं नाणं ठेवायचं आणि काय आहे ते ओळखायला सांगायचं. अनवाणी पायांना तिन्ही वस्तू बहुधा ओळखता आल्या. आमच्या नव्या बुटांतून हरभरा कळत होता, आगकाडी कधी कळे, कधी नाही. जुन्या जाड बुटांतून काहीच कळलं नाही. एका मुलानं शंका काढली : “पण सर, अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाला तर घट्टे असतात. त्यांना तरी काय कळणार?” शंका रास्त होती. २०१९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका संशोधनात नेमका हाच प्रश्न विचारला होता. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड होते, पण त्यामुळे त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली नव्हती. घट्टा कठीण असतो. दाब आणि कंप तो आतपर्यंत पोचवतो. बुटातली मऊ गादी मात्र ते गिळून टाकते.

आता याच्या किमतीचा हिशोब मांडू. ६० किलो वजनाचा माणूस एका पायावर असताना पावलाखाली दोन चौरस सेंटिमीटर माथ्याचा दगड आला, तर दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोचा भार पडतो. ताठ तळानं तोच भार ६० चौरस सेंटिमीटरवर पसरवला, तर दर चौरस सेंटिमीटरला एकच किलो. म्हणजे ताठ तळ बातमी आणि दुखणं दोन्ही अडवतो. पातळ तळ दोन्ही पोचवतो. एक घ्यायचं आणि दुसरं नको म्हणायचं, अशी सोय नाही. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीची वाट आम्ही पहिल्यांदा या बुटांतून चढलो, तेव्हा पहिला अर्धा तास आनंदाचा होता. खडक, मुळं, माती, सगळं पायाखाली जिवंत झालं होतं. तिसऱ्या तासाला त्याच जिवंतपणानं तळवे ठणकू लागले. अनवाणी चालणारा माणूस पाऊल कुठे आणि किती जोरानं टाकायचं ते लहानपणापासून शिकलेला असतो. आम्ही बूट बदलले होते, चाल बदललेली नव्हती.

भर पावसात आणखी एक गोष्ट लक्षात आली. खाचा उथळ असल्यामुळे माथेरानच्या लाल मातीनं त्या दहा पावलांत भरून जात आणि तळ सपाट होई. शेवाळलेल्या कातळावर तर हे बूट इतर कुठल्याही बुटांसारखेच घसरत. पाय घसरतो आहे हे लवकर कळे, एवढाच फायदा.

वजनाचा हिशोब

हलकेपणाचं वचन मात्र पुरतं खरं निघालं. पायातलं ओझं पाठीवरच्या ओझ्यासारखं नसतं. पाठीवरची पिशवी जवळजवळ एकाच वेगानं पुढे सरकते. पाऊल मात्र दर पावलागणिक थांबतं, उचललं जातं, वेगानं पुढे फेकलं जातं आणि पुन्हा थांबतं. म्हणून पायातला एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतका महाग पडतो. बुटांच्या जोडीचं वजन १०० ग्रॅमनं वाढलं, तर चालायला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्यानं किंवा त्याहून थोड्या कमी प्रमाणात वाढते, असं प्रयोगांत आढळलं आहे. आमच्या दोन जोड्यांत ६३० ग्रॅमचा फरक. म्हणजे चार ते सहा टक्क्यांची बचत. दिवसभराच्या चालीत ती जाणवते.

वचनं आणि पुरावे

अनवाणी बुटांची लाट आली ती पळण्याच्या जगातून. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यानं १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली होती. (१९६४ साली टोकियोत तो बूट घालूनही जिंकला, हे सहसा सांगितलं जात नाही.) २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल याचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं आणि टायरच्या तळाच्या चपलांतून मैलोगणती धावणारे मेक्सिकोतले ताराहुमारा लोक जगाला माहीत झाले. २०१० साली डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कायम अनवाणी धावणारे पुष्कळदा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे त्यांना बसणारा सुरुवातीचा हादरा कमी असतो.

पण हे सगळं धावण्याबद्दल आहे. चालताना अनवाणी माणूसही टाचच आधी टेकवतो. धावण्याचा पुरावा डोंगर चढण्याच्या बुटांच्या खोक्यावर छापणं ही पहिली चलाखी.

दुसरी चलाखी काळाची आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सवयीचे धावपटू दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळवले. अशा १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढल्याचं एमआरआय चित्रांत दिसलं. हाड ताणाला सरावतं, पण त्याला महिने लागतात. या प्रकारचे बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत २०१२ साली दावा झाला. २०१४ साली कंपनीनं चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली आणि पुराव्याशिवाय स्नायू बळकट होतात, दुखापती टळतात असं न म्हणण्याचंही कबूल केलं.

गंमत पुढेच आहे. २०२१ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात रोजच्या वापरात सहा महिने पातळ तळाचे बूट घालणाऱ्यांच्या पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे स्नायूंबद्दलचं वचन पुढे बरंचसं खरं ठरलं! मग कंपनीचं काय चुकलं होतं? मुलांशी चर्चा करण्याजोगा हा प्रश्न आहे. विधान पुढे खरं निघालं, म्हणून ते पुराव्याआधी करणं शास्त्रीय ठरत नाही. आणि सहा महिन्यांच्या रोजच्या वापरानं पाय बळकट होतो याचा अर्थ रविवारी एकदा घातलेल्या बुटानं होतो, असा नव्हे.

ज्या पायाला कळत नाही

आमच्या तिघांपैकी एक जण मधुमेही आहेत. धोदाण्याहून माथेरान चढून उतरलो त्या दिवशी तेच सर्वांत ताजेतवाने दिसत होते. “मला काही टोचलंच नाही,” असं कौतुकानं सांगत होते. संध्याकाळी मोजा काढला तर तो रक्तानं माखलेला. बुटात शिरलेला लहानसा खडा चवड्याखाली तीन तास घासत राहिला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. ती जखम भरायला दोन महिने लागले. बूट त्यांना आग्रहानं घ्यायला लावले होते ते आम्हीच.

त्यांची जखम पाहताना आम्हाला नेऱ्याची आठवण झाली. आम्ही ज्या रस्त्यानं डोंगराकडे जातो त्याच रस्त्यावर कुष्ठरोग्यांसाठी अनेक दशकं काम करणारं ‘शांतिवन’ आहे. कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस सडतं, असा पूर्वी समज होता. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रोग चेतातंतूंना मारतो. पुढचं नुकसान बरंचसं वेदना न कळल्यामुळे होतं. खिळा टोचला, निखारा लागला, खडा घासला, तरी माणूस पाय उचलत नाही. म्हणून अशा पायांसाठी आत मऊ, छिद्रमय रबराची आणि खाली कडक तळाची खास पादत्राणं तयार झाली. ती दाब पसरवतात. म्हणजे आमच्या अनवाणी बुटाच्या अगदी उलट काम करतात.

आमच्या मते या बुटांबद्दलची मुख्य गोष्ट इथे आहे. खोक्यावरचं सगळं वर्णन बुटाचं आहे, पण गुण बुटात नाहीतच. बूट फक्त बातमी अडवत नाही. ती बातमी वाचणारा तळवा, तिच्यावर अंमल करणारे स्नायू आणि वर्षांची सवय, हे सगळं पायात असावं लागतं. ते असेल तर हा बूट उत्तम. नसेल तर तो एक पातळ बूट आहे, इतकंच. मधुमेह असलेल्यांनी अशा बुटांचा, आणि नवरात्रात अनवाणी राहण्याचाही, विचार करण्याआधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ही तपासणी काही मिनिटांत होते.

शाळेतले पाय

मग शिक्षकांनी यातून काय घ्यावं? १९९२ साली राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण ८.६ टक्के, तर न घालणाऱ्यांत २.८ टक्के होतं. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं. केवळ एवढ्यावरून बूट हेच कारण असं सिद्ध होत नाही, आणि लहान मुलांची सपाट पावलं बहुधा त्रासही देत नाहीत. पण वाढत्या पावलांना सहा-सात तास निमुळत्या काळ्या बुटांत कोंडून ठेवण्याचा आग्रह शाळांनी का धरावा, हा प्रश्न तरी यावरून विचारता येतो. पावलाच्या आकृतीचा प्रयोग एकदा पालकसभेत करून पाहा.

मात्र उलट टोकालाही जाऊ नये. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं दगावली असावीत, असा अंदाज आहे. दंश बहुतेक पायांवर होतात. अंकुशकृमी अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो. ज्या मुलाकडे वहाणच नाही, त्याला अनवाणी चालण्याचे फायदे सांगणं ही विज्ञानाची थट्टा आहे.

ठाकूरवाडीत एका अंगणात आम्ही बूट काढून बसलो होतो. आठवी-नववीतली एक मुलगी पाण्याची कळशी उतरवून जवळ आली. तिचे पाय अनवाणी होते. तिनं बूट हातात घेतला, वजन पाहून हसली, अंगठ्यानं तळ दाबून पाहिला आणि विचारलं, “यातनं काटा नाही ना शिरत?”

चार महिन्यांत आम्ही तळाची जाडी मोजली होती, वजन केलं होतं, हरभरे आणि आगकाड्या ठेवून पाहिल्या होत्या. हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. आदल्याच आठवड्यात बाभळीचा काटा त्या तळातून आरपार येऊन आमच्यातल्या एकाच्या टाचेत मोडला होता.

“शिरतो,” आम्ही म्हणालो.

तिनं बूट खाली ठेवला आणि कळशी उचलून ती निघून गेली.